गाणे कुणाचे? संगीतकार श्रीनिवास खळे यांची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीतांची यादी निघाली की ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत त्यात असतेच. तुम्हा बहुतेकांना ते पाठ आहे. गाणे कुणाचे असे विचारले तर ‘शाहीर साबळे यांचे’ हे उत्तर लगेच येते आणि ते चूक नाही, कारण तो पहाडी आवाज शाहिरांचाच. कुणी वाचनाची आवड असलेला विद्यार्थी असेल तर तो कवी राजा बढे यांचे नाव सांगतो. पण ज्या चालीवर आपले हात आपोआप ठेका धरतात, ती चाल कुणाची, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. ती चाल श्रीनिवास खळे यांची. या अंकात त्यांची ओळख करून द्यायचे आम्ही ठरवले आहे. पालकांनीही लेख वाचावा. त्यांनी लहानपणी रेडिओवर ऐकलेली अर्धी गाणी यात सापडतील.

आधी हे गीत ज्यांनी ज्यांनी घडवले ती माणसे कुठली होती ते पाहू. राजा बढे यांचा जन्म १९१२ चा, नागपूरचा. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि आपला सौंसर-पांढुर्णा भाग त्याच प्रांतात होता. म्हणजे कवी आपल्याच प्रांतातले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. शाहीर कृष्णराव साबळे सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या पसरणीचे. खळे यांचा जन्म ३० एप्रिल १९२६ रोजी मुंबईत झाला खरा, पण ते वाढले गुजरातमधल्या बडोद्यात. महाराष्ट्राचे गुणगान करणाऱ्या गीताचे शब्द नागपूरचे, चाल बडोद्यात घडलेल्या माणसाची आणि आवाज साताऱ्याचा. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने या गीताची दोन कडवी राज्यगीत म्हणून स्वीकारली आणि त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून, ते अधिकृत राज्यगीत झाले. तेव्हा या तिघांपैकी कुणीही हयात नव्हते. बढे १९७७ मध्ये गेले, खळे २०११ मध्ये आणि शाहीर २०१५ मध्ये.

आता बडोद्याचे. तिथे मराठी घरे कशी, असे तुम्हाला वाटेल. ती गायकवाडांची राजधानी होती. सरदार, कारकून, शिक्षक, भिक्षुक अशी कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत आली. बाजारात गुजराती बोलायचे आणि उंबरठ्याच्या आत मराठी. आपल्याकडे गुजरातीच्या जागी हिंदी ठेवा, म्हणजे चित्र ओळखीचे वाटेल. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना कलांची कदर होती. त्यांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ साली संगीतशाळा सुरू झाली आणि आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ दरबारात गवई म्हणून आले. अशा गावात लहानगा श्रीनिवास वाढला. त्याने मधुसूदन जोशी यांच्याकडे शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले आणि मोठमोठ्या गवयांचे गाणे अगदी जवळून ऐकले. पुढे आयुष्यभर त्यांनी तीन-चार मिनिटांची गाणी केली, पण त्या गाण्यांच्या पायात ही बडोद्याची तालीम होती. हे आवर्जून सांगण्याचे कारण म्हणजे ‘सुगम संगीत’ या नावामुळे होणारा घोटाळा.

सुगम म्हणजे सोपे असे आपण समजतो. ऐकायला सुगम, हा त्याचा खरा अर्थ. ज्याला राग ओळखता येत नाही, ताल मोजता येत नाही, अशा माणसालाही जे आपलेसे वाटते ते सुगम संगीत. करणाऱ्याला ते मुळीच सोपे नसते. हे नाव रूढ केले आकाशवाणीने. १९५२ पासून दहा वर्षे डॉ. बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांवर त्यांचा राग होता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि त्यांच्या जागी चांगल्या कवींच्या कवितांना चाली लावून घेण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उघडले. लोक काही केसकरांवर खूश झाले नाहीत. त्यांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. पण या सगळ्या प्रकारात मराठीचा फायदा झाला, असे आमचे मत आहे. कवी, संगीतकार आणि गायक यांना चित्रपटाच्या कथेची अडचण न ठेवता गाणे करण्याची जागा मिळाली. मराठीत भावगीत त्याआधीपासून होतेच. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिची तबकडी घरोघरी गेली, तिथून ही परंपरा धरतात. गजाननराव वाटवे तर चौकाचौकात भावगीते गात. आकाशवाणीने या परंपरेला नियमित काम दिले.

आपल्याकडे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. ज्या घरी रेडिओ असे त्या घराच्या ओसरीवर शेजारची मंडळी जमत. आजोबांना विचारा, ते सांगतील.

खळे तरुणपणी मुंबईस आले आणि तिथे बरीच वर्षे हालात गेली. संगीतकार दत्ता कोरगावकर यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. ग. दि. माडगूळकरांची दोन गीते त्यांनी एका चित्रपटासाठी बांधली, पण ती चित्रपटात गेलीच नाहीत. नव्या संगीतकाराचे पहिलेच काम असे परत आले तर काय वाटले असेल! पुढे एच. एम. व्ही. कंपनीने तीच दोन गीते आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेतली आणि तबकडी काढली. एका बाजूला ‘गोरी गोरी पान’, दुसऱ्या बाजूला ‘एका तळ्यात होती’. बालवाडीपासून तुम्ही म्हणता ती वहिनीची आणि बदकांची गाणी हीच. चित्रपटाने नाकारलेली गाणी सत्तर वर्षांनंतरही बालवाडीत चालू आहेत.

चाल लावणे म्हणजे नेमके काय, हे आता थोडे समजून घेऊ. कवीने कविता दिली की तिच्यात अक्षरांचा एक हिशेब असतो. कुठले अक्षर लघु, कुठले गुरू, हे तुम्ही व्याकरणाच्या तासात शिकता. संगीतकाराला तो हिशेब सांभाळून सूर बसवायचे असतात. शिवाय अर्थ तुटता कामा नये. समजा, कवितेत ‘पावसाळा’ हा शब्द आहे आणि सूर असा बसला की गायकाला ‘पाव’ म्हणून श्वास घ्यावा लागतो आणि मग ‘साळा’ येते, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे आधी बेकरी येईल! हसण्यासारखी गोष्ट आहे, पण अशी गाणी आजही बरीच निघतात. त्यात जुन्या तबकडीची एक बाजू फार तर साडेतीन मिनिटे चाले. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत बसवायचे. खळ्यांच्या गाण्यात शब्द कधी तुटत नाही. त्यांची चाल वाकते, वळसे घेते, अनपेक्षित सुरावर जाऊन थांबते, पण वाक्याचा अर्थ हातातून सुटत नाही. म्हणून ऐकताना गाणे सोपे वाटते आणि गायला बसले की तोंडाला फेस येतो.

‘श्रावणात घननिळा बरसला’ हे गाणे या दृष्टीने घरी ऐकून पाहा. कविता मंगेश पाडगावकरांची, आवाज लता मंगेशकरांचा. साधारणपणे भावगीतात सगळ्या अंतऱ्यांना एकच चाल असते. पहिला अंतरा बसला की बाकीचे त्याच साच्यात ओतायचे. या गाण्यात खळ्यांनी तसे केले नाही. प्रत्येक कडव्यात पावसाचे चित्र वेगळे आहे, म्हणून अंतऱ्याची चालही बदलत जाते आणि दर वेळी अलगद मुखड्यावर येऊन मिळते. वही-पेन्सिल घेऊन बसा आणि कुठल्या ओळीला चाल बदलली तिथे खूण करा.

दुसरे गाणे ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’. १९६८ च्या ‘जिव्हाळा’ या चित्रपटातले, शब्द माडगूळकरांचे, आवाज पुन्हा लताबाईंचा. दिवेलागणीला आई मुलांना घरी बोलावते आहे. खळ्यांनी चाल बांधली ती पूरिया धनाश्री या सांजवेळेच्या रागाच्या छायेत. सूर्य मावळून गेला आहे आणि अजून अंधार झालेला नाही, त्या वेळेची हुरहूर या रागात असते. रागाचे नाव माहीत नसलेल्या बाईच्याही डोळ्यात हे गाणे ऐकून पाणी येते. आमच्या मते हाच सुगम संगीताचा खरा नमुना. मुलगा नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या घरात तर ते आम्हाला ऐकवतही नाही.

खळ्यांनी मराठी चित्रपट मोजकेच केले. ‘यंदा कर्तव्य आहे’, ‘बोलकी बाहुली’ ही त्यांतली काही नावे. त्यांचे मुख्य काम आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर आणि पुढे एच. एम. व्ही. कंपनीत झाले. चित्रपटाचा संगीतकार भित्तिचित्रावर झळकतो. रेडिओच्या संगीतकाराचे नाव निवेदिका एकदा घाईने उच्चारते आणि ते हवेत विरून जाते. नाव विस्मरणात जाण्याचे हेही एक कारण असावे.

आता ज्या गाण्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येऊ. ते आहे ‘शुक्रतारा मंद वारा’. गायक अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा, कवी पाडगावकर, काळ १९६० च्या दशकाच्या आरंभीचा. अरुण दाते आपल्या मध्य प्रदेशातले, इंदूरचे. १९३४ चा जन्म. वडील रामूभैया दाते हे इंदूरचे नामांकित रसिक, त्यांच्या घरी मोठमोठे गवई उतरत. अरुणजी शिकले इंजिनिअरिंग, कापड-उद्योगात नोकरी करीत आणि गात असत उर्दू गझला. त्यांची गझल खळ्यांच्या कानावर आली आणि हा आवाज मराठी भावगीताला हवा, असे त्यांच्या मनाने घेतले. अडचण अशी की अरुणजी तयार होईनात. आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार शुद्ध नाहीत, महाराष्ट्रातले लोक हसतील, असा त्यांना संकोच होता. खळ्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी गाणे झाले, आकाशवाणीवरून गेले आणि पुढच्या पन्नास वर्षांत अरुण दाते हे मराठी भावगीताचे दुसरे नाव झाले. ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांच्या मैफिली गावोगाव होत राहिल्या. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

हा संकोच आपल्या ओळखीचा आहे. आमचे विद्यार्थी पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांकडे सुट्टीत जातात आणि आल्यावर सांगतात की तिकडे बोलायला लाज वाटली. ‘करून राहिलो’ म्हटले की भावंडे हसतात, मध्येच हिंदी शब्द आला की नक्कल करतात. मग मूल तिथे गप्प बसते आणि इथे आल्यावर हिंदीतच बोलू लागते. पालकांनाही वाटते, जाऊ द्या, नाहीतरी पुढे हिंदी-इंग्रजीच उपयोगी पडणार. मराठी जाते ती अशी, कुणी काढून न घेता. इंदूरच्या तरुणाला अशीच लाज वाटत होती. त्याला पटवणारा माणूस स्वतः बडोद्याच्या मराठीत वाढलेला होता, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. परप्रांतातल्या मराठी माणसाला आपल्या उच्चारांबद्दल काय वाटते ते खळ्यांना कुणी समजावून सांगावे लागले नसेल. याचा अर्थ उच्चार कसेही चालतील असा नव्हे. खळे तालमीच्या बाबतीत कडक होते आणि एकेका शब्दावर मेहनत घेत. ‘च’ कुठे दंत्य आणि कुठे तालव्य, हे गाण्यातून जितके पक्के होते तितके आमच्या शुद्धलेखनाच्या वहीतून होत नाही, हे शिक्षक म्हणून आम्ही कबूल करतो.

असेच आणखी एक गाणे ‘बगळ्यांची माळ फुले’. कवी वा. रा. कांत नांदेडचे, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या राज्यातले. गायक डॉ. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले. शास्त्रीय गायकीतला हा धिप्पाड गळा खळ्यांनी एका हळव्या आठवणीच्या गाण्यासाठी वापरला. वसंतरावांनीही कुठे तान मारण्याचा मोह धरला नाही. आणि याच खळ्यांनी राजा बढ्यांची ‘कळीदार कपूरी पान’ ही लावणी सुलोचना चव्हाण यांच्यासाठी बांधली, हे सांगितले की लोकांना खरे वाटत नाही.

जामसांवलीला दर्शनाला जाताना वाटेतल्या एखाद्या दुकानात भीमसेनजींचा किंवा लताबाईंचा अभंग लागलेला असतो. त्यातही खळे असण्याचा संभव बराच. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान’ आणि ‘भेटी लागी जीवा’ हे लताबाईंनी गायलेले अभंग त्यांच्या चालीचे. पंडित भीमसेन जोशी यांनी गायलेले ‘सावळे सुंदर रूप मनोहर’ आणि ‘जे का रंजले गांजले’ हेही त्यांचेच. गावातल्या भजनी मंडळातील काही वडीलधाऱ्यांना या चाली फारशा रुचत नाहीत. अभंग टाळ-मृदंगावर सर्वांनी मिळून म्हणायचा, एकट्याने गळा फिरवायचा नव्हे, असे ते म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने ऐकत वाढलेल्या आपल्या भागात हे म्हणणे स्वाभाविक आहे. तरी ‘भेटी लागी जीवा’ ऐकताना तुकोबा अगदी एकटे, वाट पाहत बसलेले दिसतात. ते एकटेपण समूहाच्या चालीत मावले नसते. आम्हाला दोन्ही हवेत. हिंदी भाषक शेजाऱ्यांना खळ्यांची ओळख करून द्यायची असेल तर ‘राम श्याम गुण गान’ ही ध्वनिफीत सांगावी. पंडित नरेंद्र शर्मा यांची हिंदी भजने, लताबाई आणि भीमसेनजी हे दोन आवाज आणि चाली खळ्यांच्या.

सगळे कलावंत त्यांना ‘खळेकाका’ म्हणत. त्यांनी शिष्यही घडवले. आज देशभर गाजणारे शंकर महादेवन लहानपणी त्यांच्याकडे शिकले. मानसन्मान उशिराच आले. १९९३ साली महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, २०१० साली भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्यानंतर वर्षभराने, २ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते ठाण्यात निवर्तले. जाता जाता सांगायला हवे की लताबाईंच्या नावाचा सुगम संगीतासाठीचा सन्मान आपले मध्य प्रदेश सरकारही देते, आणि तो महाराष्ट्राच्या आधीपासून, १९८४ पासून. पहिला मान संगीतकार नौशाद यांना मिळाला. लताबाईंचा जन्म इंदूरचा, हे त्याचे निमित्त.

विश्वस्त मंडळापुढे एक विनंती आहे. संगीताचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी तोच गणिताला दिला जातो. निदान पाचवी ते आठवीपर्यंत आठवड्यातला एक तास तरी मराठी गीतांसाठी अबाधित ठेवावा. एक पेटी आणि एक तबला एवढ्यावर तो चालतो. आणि स्नेहसंमेलनाच्या निवेदकांसाठी सूचना अशी की यापुढे गाणे जाहीर करताना कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगायची, चिठ्ठीवर तशी लिहून आणायची. ज्या पालकांच्या घरी जुन्या तबकड्या किंवा ध्वनिफिती असतील त्यांनी त्यांच्या वेष्टनावरची ही नावे मुलांकडून वहीत उतरवून घ्यावीत. वेष्टनावर संगीतकाराचे नाव बारीक अक्षरात, बहुधा सर्वांत खाली असते.